सामानात गेलेला गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. आठवड्याचे सगळे वार आणि प्रत्येक वाराला सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे कप्पे, एवढाच माझा संसार. आता माझ्या झाकणांवरची अक्षरे पुसट झाली आहेत आणि एक झाकण तर चिकटपट्टीच्या आधाराने टिकले आहे. एवढे वय झाले, तरी मला स्वस्थ बसता येत नाही. एक कप्पा रिकामा झाला की मी पुढच्याची वाट पाहू लागतो. ठरल्या वेळी झाकण उघडले नाही, की माझा जीव टांगणीला लागतो.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालो आणि ब्रिस्बेनजवळ रेडक्लिफ गावी, औषधाच्या एका दुकानात येऊन खिळ्याला लटकलो. माझ्या एका बाजूला काठीची रबरी बुडे होती, दुसऱ्या बाजूला उन्हात लावायची मलमे. दार वाजले की वाटायचे, आता मला कोणीतरी नेईल. माणसे यायची, खोकल्याचे औषध घ्यायची आणि जायची.

शेवटी मला नेले ते नोरीनआजींनी. त्यांनी माझे प्रत्येक झाकण उघडून पाहिले, लावून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हा कडक आहे. पिशवीत उघडायचा नाही."

नोरीनआजींनी सारा जन्म शाळेच्या उपाहारगृहात काढला होता. कागदी पिशव्यांत पोरांचे खाणे भरायचे आणि कोणाला लोणी चालत नाही, कोणाला अंडे चालत नाही, हे न विचारता ओळखायचे, ही त्यांची ख्याती. त्यांचे यजमान लिंडसेआजोबा टगबोटीवर इंजिनिअर होते. मोठ्या जहाजांना दोर लावून नदीतून बाहेर खाडीत न्यायचे, तिथे दोर सोडायचा आणि माघारी फिरायचे. पुढे जाण्याची वेळ कधी आलीच नाही. निवृत्तीनंतर आजोबांना कंपवाताने गाठले. हात थरथरू लागले, आवाज बसला. गोळी वेळेवर पोटात गेली की चालता यायचे, उशीर झाला की पाय जागच्या जागी थिजायचे.

रविवारी न्याहारी आटोपली की आजी टेबलावर स्वच्छ फडके पसरायच्या आणि मला भरायला घ्यायच्या. गोळ्यांची खोकी रांगेत लावलेली असत. त्यांची बोटे भरभर चालत. त्यांची मुलगी रेलीन कधी आली तर म्हणायची, "आई, दवाखान्यातल्या नर्ससुद्धा इतकं नेटकं भरत नसतील." आजी वर न पाहता म्हणायच्या, "त्यांना पगार मिळतो, मला लिंडसे मिळालाय." आजोबा वर्तमानपत्रामागून हसायचे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका रविवारी आजींनी रात्रीची गोळी सकाळच्या कप्प्यात टाकली. मला वाटले, नजरचूक असेल. पण पुढे असे वारंवार होऊ लागले. एखाद्या वारी सगळे दुप्पट, तर एखादा वार कोरा. मी प्लास्टिकचा डबा, मला ओरडता येईना. माझे झाकण लागलेच नाही तर बरे, निदान त्या पुन्हा उघडून बघतील, असे मला वाटायचे. पण झाकण लागायचे.

आजोबांच्या हे लक्षात आले होते. आजी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या, की ते लोणी लावायच्या सुरीचे टोक माझ्या झाकणाखाली घालत आणि थरथरत्या बोटांनी गोळ्या इकडच्या तिकडे करत. कधी एखादी घरंगळून फ्रिजखाली जाई. आजी आत आल्या की ते पुन्हा वर्तमानपत्र धरत. ते बोलले मात्र नाहीत. आजींची आई शेवटी पोटच्या मुलीलाही ओळखेनाशी झाली होती, आणि त्या आजाराचे नाव या घरात कोणी काढत नसे.

अशातच रेलीनने दोघांसाठी जहाजाच्या सहलीची तिकिटे काढली. ब्रिस्बेनहून निघायचे, न्यू कॅलेडोनिया आणि वानुआतूची बेटे पाहायची आणि परत यायचे. आजोबा त्या दिवशी जेवायला बसेपर्यंत तिकिटावरून हात फिरवत होते. म्हणाले, "या खेपेला दोर सोडल्यावर मी मागे फिरणार नाही."

निघण्याच्या आदल्या दिवशी घरात जी धावपळ उडाली ती काय सांगू. आजी बॅग भरत, रिकामी करत, पुन्हा भरत. मला हातातल्या पिशवीत घातले, काढले, उशीवर ठेवले, पुन्हा पिशवीत घातले. मला भोवळ यायची वेळ आली. गोळ्यांची खोकी जागा खातात म्हणून त्यांनी सगळ्या पट्ट्या फोडल्या. थोड्या गोळ्या माझ्यात आल्या, उरलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र गेल्या आणि रिकामी खोकी रद्दीच्या पिंपात.

आजोबा खुर्चीतून हळूच म्हणाले, "खोकी राहू दे ना. नावं त्यांच्यावरच असतात."

"नावं घेऊन काय करायचंय? मला पाठ आहेत."

आजोबांनी वर्तमानपत्र उचलले.

दारातून रेलीन म्हणाली, "आई, औषधं हातातल्या पिशवीतच ठेव हं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, संध्याकाळपर्यंत मिळत नाहीत."

"अख्ख्या शाळेला खायला घातलंय मी. तू मला पिशवी भरायला शिकवू नकोस."

रेलीन फोन घ्यायला बाहेर गेली. आजींनी मला पिशवीतून काढले, जरा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग आजोबांच्या लोकरी मोज्यात घालून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवले. "इथे सुरक्षित राहील," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आजोबांनी ते पाहिले. त्यांचे ओठ हलले. पण पलीकडच्या खोलीत मुलगी होती, तिच्यासमोर त्यांना आजींची चूक काढायची नव्हती. नंतर गुपचूप काढून घेऊ, असे त्यांनी ठरवले असावे. सकाळी मात्र सदऱ्याची बटणे लावण्यातच त्यांचा वेळ गेला, आणि तेवढ्यात बॅगेची चेन बंद झाली.

मोज्यात अंधार होता. गाडी चालली, थांबली. मग बॅग कोणीतरी उचलली, आपटली, ढकलली. लोखंडी चाकांचा खडखडाट ऐकू आला आणि आजोबांचा आवाज लांब राहिला. माझ्या दुपारच्या कप्प्यात गोळ्या वाजत होत्या. दुपार झाली असेल का, होऊन गेली असेल का, मला काही कळेना. मी भरलेला होतो आणि तरीही कोणाच्या उपयोगाचा नव्हतो. मित्रांनो, डब्याला याहून मोठी शिक्षा नाही.

बाहेर काय घडले ते मला नंतर रेलीनच्या बोलण्यातून कळले. जहाजावर चढायच्या रांगेत आजोबांचे पाय थिजले. मागची माणसे खोळंबली. जहाजावरची परिचारिका धावत आली, तिने त्यांना खुर्चीत बसवले आणि विचारले, "यांना कोणती औषधं चालू आहेत?"

आजींनी हातातली पिशवी उपसली. चष्मा, पुदिन्याच्या गोळ्या, रुमाल. "डबा इथेच होता. नाहीतर घरी फ्रिजवर असेल."

रेलीनला फोन गेला. दोघांना सोडून ती नुकतीच त्यांच्या घरी परतली होती. फ्रिजवर काही नव्हते. तिने सगळे घर पालथे घातले, तेव्हा रद्दीच्या पिंपात खोकी सापडली. ती घेऊन ती उलटपावली निघाली.

इकडे आजोबा काहीतरी पुटपुटत होते. परिचारिकेने त्यांच्या तोंडाशी कान नेला. "मोजे," ते म्हणाले. "मोठी बॅग. मोजे."

सामानाच्या ढिगातून आमची बॅग शोधून आणली. चेन उघडली, उजेड आला आणि पहिला दिसला तो आजोबांचा चेहरा, मेणासारखा ताठ. परिचारिकेने माझे झाकण उघडले. "यातली कोणती कशाची?"

आजींचे बोट माझ्यावर घुटमळले. "ही रक्तदाबाची. नाही, ही झोपेची. ही..." बोट तिथेच थांबले. मग त्या आजोबांकडे वळल्या. "मला माहीत नाही, लिंडसे. मला खरंच माहीत नाही."

आजोबांनी मोठ्या कष्टाने हात उचलून आजींच्या मनगटावर ठेवला. "निळी," ते म्हणाले. "मला माहितीय. निळी."

पण नाव नसलेली गोळी परिचारिका कशी देणार? रेलीन खोकी घेऊन पोहोचली, खोक्यांवरची नावे गोळ्यांवर कोरलेल्या अक्षरांशी जुळवली, तेव्हा निळी गोळी आजोबांच्या पोटात गेली. थोड्या वेळाने बोटे हलू लागली. पण जहाजाच्या डॉक्टरांनी मान हलवली. मिसळलेली औषधे घेऊन अशा माणसाला समुद्रावर नेता येणार नाही, असे त्यांनी समजुतीने सांगितले. जहाज आमच्यावाचून सुटले.

परतताना रेलीनने स्कारबरोला किनाऱ्यावर गाडी थांबवली आणि बटाट्याच्या गरम काचऱ्या आणायला गेली. मी आजींच्या मांडीवर होतो. लांबून ते पांढरे जहाज खाडीतून बाहेर चालले होते.

मग आजींनी विचारले, "तुला कधीपासून माहितीय?"

"काय?"

"माझं."

"नाताळच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

आजोबा जहाजाकडे पाहत म्हणाले, "माझे हात कापतात, ते तू कधी बोलून दाखवलंस?"

आजींनी माझे एक झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होते.

त्यानंतर कारभार रेलीनने हाती घेतला. औषधाचा दुकानदार आठवड्याच्या गोळ्या बंद पाकिटात भरून देऊ लागला. माझी रवानगी गॅरेजमधल्या फळीवर झाली आणि माझ्या कप्प्यांत स्क्रू आणि नट आले. सोमवार सकाळमध्ये लहान, मंगळवार रात्रीमध्ये मोठे. धूळ बसली, एक पाल माझ्या पाठीवर झोपू लागली. स्क्रूला वेळ नसते. कोणी त्याची वाट पाहत नाही. मी मात्र सवयीने दुपारची वाट पाहत राहिलो.

घरातही बरे चालले नव्हते. रविवार आला की आजी खोल्यांतून फिरत, खण उघडत, बंद करत. "काय शोधतेयस, आई?" असे रेलीनने विचारले की म्हणत, "काही नाही ग, हातांना काम शोधतेय."

हे आजोबांना पाहवेना. एका रविवारी त्यांनी मला फळीवरून काढायला लावले. आजींनी मला गरम साबणाच्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले. डॉक्टरांना आणि दुकानदाराला विचारून आजोबांनी नवी रीत ठरवली होती. ते खोक्यावरचे नाव वाचणार, आजी त्यांच्या देखत गोळी टाकणार, आणि संध्याकाळी रेलीन पुन्हा तपासणार.

रेलीन म्हणाली, "बाबा, कशाला ही उठाठेव? दुकानदार देतो ना भरून?"

"दुकानदाराला ती मिळालेली नाही," आजोबा म्हणाले. "मला मिळालीय."

आजींनी टेबलावर फडके पसरले. "वाच," त्या म्हणाल्या. "आणि जरा मोठ्याने वाच, पुटपुटू नकोस."

थंडी सरल्यावर दुसऱ्या जहाजाची तिकिटे निघाली. या वेळी मी हातातल्या पिशवीत होतो. सोबत सगळी खोकी होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आजींनी ती पिशवी पोटाशी धरली होती, हमालाने मागितली तरी दिली नाही.

खाडी मागे पडली आणि मोठ्या लाटा सुरू झाल्या. आणि मित्रांनो, ज्यांनी जन्म बोटीवर काढला त्या आजोबांनाच समुद्र लागला. ते पलंगावर डोळे मिटून पडले, ओकून ओकून बेजार झाले. आजी म्हणाल्या, "टगवाल्यांना कळलं तर तुला गावात येऊ द्यायचे नाहीत." ते हसलेही नाहीत.

शेजारच्या खोलीतली ग्लेनिस नावाची बाई विचारपूस करायला आली. तिने आपल्या पर्समधून एक गोळी काढून आजींच्या हातावर ठेवली. "डॉक्टरनं माझ्या नवऱ्याला दिलेली आहे. एका गोळीत पोट जागेवर येतं. द्या त्यांना."

मी छोट्या टेबलावर होतो. आजींनी पाण्याचा पेला घेतला. माझ्या साऱ्या कप्प्यांत धडधड सुरू झाली. ही गोळी माझ्यात कधी आली नव्हती. आजींनी आजोबांकडे पाहिले. त्यांच्यात बोलायचे त्राण नव्हते.

आजींनी पेला खाली ठेवला. "नको."

"अहो, साधी ओकारीची गोळी आहे."

"असेल. याला काहीतरी चालत नाही, ते मला कुणीतरी सांगितलंय. आणि मी विसरले. मला विसरायला होतं आता." हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा डळमळला नाही. "म्हणून आधी विचारते."

त्यांनी फोन उचलून परिचारिकेला बोलावले. तिने खोकी वाचली, ग्लेनिसची गोळी पाहिली आणि ती बाजूला ठेवली. "बरं झालं थांबलात. या गोळीनं यांचं अंग आणखी आखडलं असतं." तिने त्यांना चालणारे दुसरे औषध दिले. ग्लेनिस ओशाळली. आजींनी तिलाच खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बसा हो. तुम्ही मायेनंच दिली होती."

संध्याकाळी आजोबा उठून बसले आणि कोरडी बिस्किटे खाऊ लागले. खिडकीबाहेर चहूकडे पाणीच पाणी होते, किनारा कुठेच नव्हता. आजींनी माझे संध्याकाळचे झाकण उघडले आणि म्हणाल्या, "वाच."

मित्रांनो, आम्हा डब्यांना फार काही लागत नाही. प्रवासाला निघाल तेव्हा आम्हाला आपल्या हाताशी ठेवा. गोळ्यांची नावे फेकू नका आणि दुसऱ्याची गोळी आपल्या माणसाला देऊ नका. आणि घरात रोज डबा भरणारा जो कोणी असेल, त्याच्याजवळ कधीतरी जाऊन बसा. त्याचे हात थांबले, तर त्याच्यावर रागावू नका आणि त्याचे काम काढूनही घेऊ नका. खोके उचला आणि नाव वाचायला लागा.