काळीचं पोट

“हात लावू नकोस तिला!” सासू गोठ्याच्या दारातूनच कडाडली. “तुझ्या हाताला यश नाही. पिलं दगावतील.”

सुनेने हात मागे घेतला. काळी ही त्यांची मेंढ्या राखणारी कुत्री. तिचं पोट टम्म फुगलं होतं. सासूने ते चाचपून आत पिलं असल्याचं जाहीर केलं होतं आणि बाजारात तुरी असतानाच ती आळीभर वाटूनही टाकली होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन सुनेची कूस उजवली नव्हती, म्हणून तिच्या वाटचं दूध हल्ली काळीच्या पातेल्यात पडायचं.

पण काळी दुधाला तोंड लावत नव्हती. पाणी मात्र बादलीच्या बादली रिचवायची, आणि तिच्या मागून घाण वास यायचा. शेण काढताना सुनेला तो रोज येत होता.

“आई, हे पिलांचं लक्षण नाही. डॉक्टरला दाखवू या.”

“तुला गं काय ठाऊक पिलांचं लक्षण?”

दूध न्यायला आलेली शेजारीण फिदीफिदी हसली. नवरा चारा कापत होता, तो कापतच राहिला.

दुसऱ्या दिवशी काळीला उभंच राहवेना. सासू बाजाराला गेली तशी सुनेने काळीला चाऱ्याच्या हातगाडीवर घातलं आणि खाचखळग्यांतून ढकलत गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोटावर यंत्र फिरवलं. “पिलं कसली, बाई? गर्भपिशवीत पू भरलाय. आज पिशवी काढली नाही तर आत फुटेल, मग कुत्री हाती लागायची नाही.”

“काढली तर जगेल?”

“बहुतेक जगेल. पिलं मात्र कधीच होणार नाहीत.”

घरी आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे सुनेला चांगलं ठाऊक होतं.

“पिलं नाही झाली म्हणून तिनं मरायचं का? काढा.”

काळी जगली. टाके ओले असतानाच मेंढवाड्याच्या दारात जाऊन भुंकली. सुनेला रडू आलं.

सासूने मात्र सगळी आळी गोळा केली. “स्वतःची कूस रिकामी, म्हणून माझ्या कुत्रीचीही रिकामी करून आली हो!”

पिलांवर डोळा ठेवून बसलेल्यांनी माना डोलावल्या. शेजारणीने आपलं पोर पदराआड ओढलं. नवरा एवढंच म्हणाला, “आईला विचारायचं तरी होतंस.”

संध्याकाळी धार काढून झाली. सासूने काळीचं पातेलं उचललं, दुधाने भरलं आणि चुलीमागे पसरलेल्या गाभण मांजरीपुढे ठेवलं. सून आणि काळी उंबऱ्याबाहेर बसून बघत राहिल्या.