खुर्च्या लग्नाला गेल्या त्या दिवशी

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर मांडी घालून बसता आणि उठताना ज्याच्याकडे वळूनही पाहत नाही, असा मी एक जुना जमखाना आहे. वय विचारू नका. रंग किती उडालाय, त्यावरून ओळखा.

माझा जन्म कावेरीकाठच्या भवानी गावातला. तिथल्या विणकरांनी मला लाल-निळ्या पट्ट्यांत विणलं. मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या एका व्यापाऱ्याने मला काही दिवस थप्पीत दाबून ठेवलं आणि मग रामरायाच्या कृपेने मी अड्यारच्या एका हायस्कुलात आलो. पोटापाण्यासाठी मद्रासला आलेल्या मराठी मंडळींनी काढलेली ती शाळा. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! स्नेहसंमेलन असो की हळदीकुंकू, आधी मी. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी गुंडाळी करून मला हॉलमध्येच त्यांच्यामागे कोपऱ्यात उभं केलं. उंदरांनी तेवढी माझी आठवण ठेवली.

पण शनिवार माझा होता. शनिवारी संध्याकाळी तिथं कीर्तन होई आणि कीर्तनाला मी लागतोच. गणिताच्या प्रमोदिनीबाई पदर खोचून मधोमध उभ्या राहत. मुख्याध्यापक वसंतराव डाव्या कडेला बसत, हातात झांजा, धृपद उचलायला. शेजारी मृदंगावर तमिळ शिकवणारे व्यंकोजी, जुन्या तंजावरी मराठी घरातले, मराठी बोलतानाही तमिळ हेल काढणारे. जो मधे उभा, त्याचं सगळे ऐकणार. हा नेम कुणी घालून दिला नव्हता, पण मोडतही नव्हतं कुणी.

वसंतराव माणूस सोन्यासारखा. सभेत मात्र खुर्चीत बसले की वेगळेच. "कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारत आणि त्याच श्वासात, "नाही ना? छान," म्हणून उठत. शिक्षक कॉफी संपवून वर्गावर जात. मी कोपऱ्यातून ऐकत असे.

दोन हजार सहा सालचा एप्रिल होता. शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागे आणि वसंतरावांचा सगळा जीव त्यात. तो टिकावा म्हणून नववीतली कच्ची मुलं पुन्हा नववीतच बसवायची, असं त्यांनी एकट्याने ठरवून टाकलं. त्या मुलांत कीर्ती होती. वडील रेल्वेत, वर्षाच्या मध्यावर भुसावळहून बदली झालेली. नवी शाळा, नवी भाषा, पोर गणितात गडगडली. वडिलांनी बाईंना सांगून ठेवलं होतं की ही मागे राहिली तर शाळा बंद, मामाकडे धाडून देऊ. बाईंनी ते वसंतरावांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, सभेत बघू. सभेत काय बघतात, ते बाईंना पाठ होतं.

आणि सभेच्या दिवशी खुर्च्या लग्नाला गेल्या! संस्थेच्या एका सभासदाच्या मुलीचं लग्न होतं. शिपायाने नाइलाजाने मला अंथरलं. मंडळी आली, चपला काढल्या आणि ज्याचे त्याचे पाय सवयीने शनिवारच्या जागी गेले. वसंतराव डाव्या कडेला टेकले. आपण कडेला बसलोय आणि मध्य मोकळाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. बसतानाच गुडघे एवढे करकरले होते, की पुन्हा उठायची हिंमत नव्हती.

त्यांनी बसल्याबसल्या निर्णय सांगितला. "कुणाला काही..." एवढं म्हणेपर्यंत प्रमोदिनीबाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं "नाही ना" वसंतरावांच्या ओठातच राहिलं. मधे उभं असलेल्याला अडवायचं त्यांच्या हाडात नव्हतं.

बाईंनी कीर्तीचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, शनिवारी मी कितीही उंच सूर लावला आणि तुम्ही मागून धृपद उचललंच नाही, तर त्याला कीर्तन म्हणतील का? नुसती ओरड म्हणतील. मग शाळेचं तुम्ही एकटेच कसं गाता?"

वसंतराव माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "आणि निकाल पडला तर? संस्था मला विचारील, बाई. तुम्हाला नाही."

"पडला तर सगळे मिळून पडू की, सार," व्यंकोजी म्हणाले. "तुम्ही एकटे कशाला पडता? वय बघा."

हसू फुटलं. वसंतराव सगळ्यांत शेवटी हसले, पण सगळ्यांत जास्त वेळ हसत राहिले. मग एकेक जण मधे येऊन बोलू लागला. विज्ञानाचे विजयकुमार म्हणाले, दया ठीक आहे, पण या मुलांना शिकवणार कधी? त्यांचंही खरं होतं. शेवटी ठरलं ते असं : सगळी मुलं दहावीत जातील आणि रोज सकाळी शाळेआधी त्यांचा वेगळा वर्ग भरेल, माझ्यावरच. गणिताला बाईंच्या जोडीला स्वतः वसंतराव बसणार होते.

ते वर्ष माझं सर्वांत सुखाचं. शाईचे डाग, इडलीची चटणी, चुकलेली उत्तरं, सगळं मी अंगावर झेललं. उदाहरण अडलं की कीर्ती माझा दोरा ओढी आणि वसंतराव म्हणत, "दोरा सोड, पोरी, गणित सोडव."

दहावीच्या निकालात कीर्ती पास झाली. त्याच सकाळच्या वर्गातला रंगा नावाचा मुलगा मात्र एका विषयात राहिला आणि शंभर टक्के हुकले. संस्थेचे अध्यक्ष माधवराव तडक हॉलमध्ये आले. मंडळी तेव्हा माझ्यावरच बसली होती.

"हा निर्णय कुणाचा?" त्यांनी दारातून विचारलं.

वसंतराव जमिनीला हात टेकून उठू लागले. ते उभे राहण्याआधीच बाई म्हणाल्या, "आमचा." मागून व्यंकोजी म्हणाले, "आमचा." मग विजयकुमार, मग सगळेच, धृपद उचलावं तसे. वसंतराव अर्धवट उठलेले तसेच खाली बसले आणि म्हणाले, "आमचा."

माधवरावांनी उंबऱ्यातच चपला काढल्या. मग ते माझ्यावर येऊन बसले आणि त्या रंगाचं पुढे काय करायचं, ते विचारू लागले.

मित्रांनो, जमखान्याला फार काही लागत नाही. अधूनमधून ऊन दाखवा, ओल्या पायांनी येऊ नका, उंदरांच्या तोंडी देऊ नका. आणि चार जणांच्या भल्याचं काही ठरवायचं असेल, तेव्हा त्या चौघांनाही बसता येईल इतका मला उलगडा.