देवकापसाचं घरटं

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात अभंग गाऊन गळा तापला की बुवा मध्येच एखादी लहानशी कथा लावतात ना, तशीच एक सांगतो. आमच्या शेजारच्या गोदूबाईंची आणि त्यांच्या परसातल्या खारीची.

कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव. साठ सालानंतरची गोष्ट. गोदूबाईंची लेक हिरू मोहोपाड्याला दिलेली. दोनदा तिचं पोट दिवस भरायच्या आत रिकामं झालं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा गोदूबाईंनी तिला माहेरी आणलं आणि त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती जाळीन असा महादेवाला नवस केला. वर शब्द दिला, कापूस परसातल्या देवकापसाचाच, विकतचा एक तंतू नाही.

पावसाळाभर वाती वळल्या. दिवाळी झाली तशी वातींची सुपं त्या परसदारी उन्हात ठेवू लागल्या. रोज बघावं तर सूप थोडं ओसरलेलं! संशय गेला जाऊबाईंवर, धोंडूबाईंवर.

“माज्या देवाला तुज्या वाती कशाला गं?” धोंडूबाई कडाडल्या. “माजे हात काय मोडलेत?”

शेवटी मायलेकी दाराआड दबा धरून बसल्या. आली चोरटी! शेपटी फुलवून सुपाशी थांबली, पुढच्या दोन पायांनी वाती गोळा केल्या आणि तोंडात कोंबल्या. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मिशा लोंबायला लागल्या. हिरू खळखळून हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच. खार गोठ्याच्या वळचणीला दिसेनाशी झाली.

धाकटे दीर मोरू शिडी घेऊन आले. वर चढून घरट्यात हात घातला आणि तसेच थबकले.

“वैनी, पिलं हायती. डोळं बी उघडलं नाय अजून. वातीत गुरफटून पडल्यात. कसं करू?”

खार वाशावर जिवाच्या आकांताने चिरकत होती. हिरू पोटावर हात ठेवून पुढे आली. “आये, नको गं.”

“नको काय? त्रिपुरी तोंडावर आली. झाडाला आता बोंडं माघात. नवस तुज्यासाठीच बोललेय ना?”

“म्हनून तर नको म्हनते.”

गोदूबाईंनी लेकीच्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “उतर रं मोरू. शिडी बी घेऊन जा. भितीय ती.”

“म्हंजे देवाचा नवस खारीला वाटलास!” धोंडूबाई कुंपणापलीकडून बोलल्या. “उद्या पोरीला काय झालं तर?” पण गोदूबाईंनी शिडी परत लावू दिली नाही.

त्रिपुरीला देवळात उरलेल्या वाती पेटल्या. सभामंडपात कीर्तन रंगलं होतं, बुवांनी नेमकं सेतूचं आख्यान लावलेलं. रामरायाने खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली तिथे गोदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग गाभाऱ्याशी जाऊन, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “देवा, कमी पडल्या त्या आमच्या गोठ्याच्या वळचणीला हायती. मी काय मागायची नाय तिच्याकडं. तुला घाई असंल तर तूच जाऊन माग.”

देव काही गेला नाही. पिलं मोठी होऊन देवकापसावर उड्या मारू लागली. पौषात हिरू बाळंत झाली. मुलगी. रात्रभर फार अडली, पण सुखरूप सुटली. पहिली अंगडी-टोपडी धोंडूबाईंनी शिवली.

रिकामं घरटं मोरूंनी उतरवलं. गोदूबाईंनी वाती निवडून, धुऊन, उन्हात वाळवून जपून ठेवल्या. या खेपेला सुपाशी स्वतः राखणीला बसल्या. पुढच्या त्रिपुरीला, नात मांडीवर घेऊन, त्यांनी त्या काळवंडलेल्या वाती पेटवल्या. धूर फार झाला, तडतड फार झाली. पण जळल्या सगळ्या.

आता गोदूबाई नाहीत. देवकापूस आहे, खारीही आहेत. तुम्ही घरी जाऊन देवापाशी दिवा लावाल, तेव्हा वात जराशी तडतडली तर चिमट्याने पुढे सारायची घाई करू नका. तेवढा वेळ आमच्या गोदूबाईंची आठवण काढा.