सहाणेची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. सोनईतल्या एका शेतकऱ्याच्या घरी देवळीत माझा मुक्काम असतो. ज्याच्यावर चंदन उगाळतात तो गोल दगड म्हणजे मी. पाथरवटाने मला घडवलं तेव्हा माझ्या दोन्ही बाजू सारख्याच सपाट होत्या. वरची बाजू देवाची. घरच्या थोरल्या भागूबाई रोज सकाळी तिच्यावर गंध उगाळायच्या आणि मला पदराने पुसून ठेवायच्या. तेव्हा माझा भलताच रुबाब होता, हे कबूल करते.

मग सून आली, चांगुणा. कामाला वाघ, पण महिन्यातून दोन-तीनदा तिचं अर्धं डोकं उठायचं. उजव्या डोळ्यामागून कळ निघायची, उजेड सोसायचा नाही, पोटात पाणी ठरायचं नाही. अर्धशिशीच ती. देवाच्या बाजूवर औषध नको म्हणून चांगुणा मला उलटी करायची, सुंठ उगाळायची आणि कपाळावर लेप द्यायची. कधी उतार पडायचा, कधी नाही. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणल्या, त्या उलटीत पडून जायच्या.

भागूबाईंचा मात्र विश्वास बसत नसे. ना ताप, ना सूज. "काम दिसलं की बरं हिचं डोकं उठतं," त्या म्हणायच्या. चांगुणा उलटून बोलायची नाही. माझी मागची बाजू झिजत राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दिवसभर डोक्यावर ऊन आणि कानाशी हातोड्यांचा ठणठणाट. आता डोकं आठवड्यातून दोनदा उठायला लागलं. तेव्हा शेजारच्या रंगुबाईने तिला उपाय सांगितला.

"पाच आयतवार दीस उगवायच्या आत लेप लावून उगवतीकडं तोंड करून बस. दीस वर येस्तवर कुनाशी बोलू नको. बोललीस की गेलं समदं."

चांगुणाने चार रविवार पाळले. आणि खरं सांगते, त्या महिन्यात कळ एकदाच आली. भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली होती. इतक्या वर्षांत मी ते प्रथमच ऐकत होते.

पाचव्या रविवारी ती लेप लावून ओट्यावर बसली. मी तिच्या मांडीशीच होते. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. तेवढ्यात तिची सहा वर्षांची राही एक डोळा हाताने झाकून बाहेर आली.

"आये, माजं डोकं दुखतंय. ह्या एकाच बाजूनं."

चांगुणाने बोटाने पोरीला थांब म्हणून खुणावलं.

"आये, खरंच दुखतंय."

आतून भागूबाई म्हणाल्या, "आईचं बघून पोर बी सोंग शिकली."

राहीने आईकडे पाहिलं. आईचं बोट तसंच वर होतं. मग पोर आत निघून गेली. चांगुणाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं, पण ती बोलली नाही. तिला दोष देऊ नका, मित्रांनो. सात वर्षं ती या एका सकाळची वाट बघत होती.

दिवस वर आला, तशी ती आत धावली. "कुठं दुखतंय, बाई?"

राही भिंतीकडे तोंड करून पडली होती. "न्हाई दुखत," ती म्हणाली.

मंगळवारी खडीवर चांगुणाचं डोकं पुन्हा उठलं. त्यानंतर ती रोज राहीला विचारते आणि रोज तेच उत्तर येतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. दगडाला काय होतंय? पण कोणी डोकं दुखतंय म्हणालं, तर त्याच्या कपाळावर हात ठेवा. ताप लागला नाही, तरी हात लगेच काढू नका.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. दोन लहान हातांनी मला देवळीतून उतरवलं, आवाज न करता उलटी केली आणि सुंठ उगाळली. लेप लावून राही अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहिली. आई यायच्या वेळेला तिने कपाळ धुतलं, मला धुतलं, आणि कोणाला कळू नये म्हणून देवाची बाजू वर करून ठेवलं.