साडेसातची शालन

मे महिन्यात मुरारी ढवळेची बायको साडेसातच्या मालिकेत राहायला गेली. जाताना तिनं दोन साड्या, बीपीच्या गोळ्या आणि भाजी निवडायचं स्टीलचं ताट एवढंच नेलं. गॅस खालून बंद केलेला होता, दुधाला विरजण लावलेलं होतं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती. मुरारी घरी आला तेव्हा टीव्ही चालू होता. पडद्यावर सरपोतदारांच्या दिवाणखान्यात, थोरल्या सुनेच्या मागे, खांबाला टेकून शालन उभी होती.

मुरारीनं चप्पल काढली आणि पाय न धुताच खाटेवर बसला. इचलकरंजीत सारा जन्म यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काढलेला माणूस तो. बिघडलेल्या मागात एकदम हात घालायचा नाही, आधी उभं राहून बघायचं, हे अंगवळणी पडलेलं. म्हणून त्यानं बघितलं. मालिका संपेपर्यंत शालन खांबापासून हलली नाही. मग नावं वर सरकायला लागली, त्यात तिचं नाव नव्हतं, आणि बातम्या लागल्या.

आता खरं सांगायचं तर मुरारीनं ती मालिका त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघितली. शालन किती वर्षं म्हणत होती, "एक दिवस माझ्याशेजारी बसून बघा की." यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. बघायचं काय त्यात? त्या घरात माणसं अंगावर दागिने घालून झोपतात. पंचपक्वान्नांची ताटं वाढलेली असतात आणि पहिल्या घासाला कुणीतरी रागानं उठतं. एकानं एक शब्द बोलायचा, की सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे तीन-तीनदा वळून बघायचं. एवढा वेळ वाया घालवायला माणसाला दुसरं काही नाही का? असं म्हणून तो साडेसातला नाक्यावरच्या परमिट रूममध्ये जाऊन बसायचा.

तिथं तो बियर प्यायचा, तीही सगळ्यात स्वस्त. तिच्याबद्दल त्याची मतं पक्की होती. तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव असते हे त्याला मान्य होतं. पण महागाची दारू माणसाला बोलायला लावते, रडायला लावते, जुने हिशेब उकरायला लावते. स्वस्त बियर फक्त लघवीला पाठवते. ती तुमच्याकडून काही मागत नाही. शिवाय तिथं प्यायला असं कुणी येतच नव्हतं, सगळे बसायला यायचे. 'बसायचं का आज?' एवढाच प्रश्न असायचा. घरीही खुर्च्या होत्या, पण घरी बसलं की बोलावं लागतं.

सर्जेराव आणि गजा हुपरे हे त्याचे बसणारे. सर्जेराव एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर. पहिला घोट घेण्याआधी तो ग्लासात बोट बुडवून दोन थेंब हवेत उडवायचा, गेलेल्या माणसांसाठी. गजाही उडवायचा. मुरारी मात्र कधी उडवत नसे. "व्हिस्कीचं ठीक हाय," तो म्हणायचा, "ह्या बियरचं थेंब उडवून त्यांची कशाला चेष्टा करायची?"

दुसऱ्या दिवशी तो परमिट रूमला न जाता घरीच टीव्हीसमोर उकिडवा बसला. शालन दिसताच म्हणाला, "शालन, घरला चल." शालन फुलदाणीतली फुलं नीट करत राहिली. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं म्हणाला. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे तो मोठ्यानं बोलायचा म्हणजे खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचं. शालनला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात शेजारची बाई दारात आली, काय झालं विचारायला. मुरारी तिला म्हणाला, "काय न्हाई. जेवल्याबिगर गोळी घेती ती, तेवढीच काळजी." आणि पडद्यावर खांबाआड उभ्या असलेल्या शालननं गोळी पुन्हा पाकिटात ठेवली आणि आतून भाकरी घेऊन आली.

मग त्याच्या ध्यानात आलं. त्या घरात समोरासमोर बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. खांबाआडून ऐकलेलं तेवढंच खरं धरतात. शालनला काही कळवायचं असेल तर ते दुसऱ्या कुणालातरी सांगायला पाहिजे.

दिवसभर मागांमध्ये फिरताना तो वाक्य घोकत राहिला. 'शालनबिगर घर खायला उठतंय.' एवढंच होतं. तुटलेले धागे जोडताना, धोटा बदलताना, चहा पिताना त्यानं ते म्हणून बघितलं. छातीत काहीतरी दुखायला लागलं, तेव्हा त्याला वाटलं की आता जमतंय.

साडेसातला परमिट रूमचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता. खारे शेंगदाणे आले, बियर आली. सर्जेरावनं दोन थेंब उडवले. पडद्यावर खांबामागून शालनच्या पदराचा काठ दिसत होता, हिरवा, तिच्या भावानं दिलेल्या साडीचा. मुरारीनं घसा साफ केला.

"वहिनी मालिकेत गेल्या म्हणं?" सर्जेरावनंच विचारलं.

"व्हय."

"मग काय, राजा झालास की!" गजा हसला.

परमिट रूममध्ये बायकोबद्दल बोलायची एक रीत असते. तिथं कुणाची बायको चांगली नसते. ज्याची बायको आजारी, तो तिच्या औषधांना शिव्या घालतो आणि शेंगदाणे मागवतो. ज्याची मेली, तो गप्प बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. ही रीत मुरारी बापाच्या वयाच्या माणसांकडून शिकला होता आणि कधी चुकला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. वाक्य तोंडात तयार होतं.

"सुटलो लेका एकदाचा!" मुरारी म्हणाला, मागातल्या आवाजात.

सगळे हसले. गजानं टाळीसाठी हात पुढं केला आणि मुरारीनं दिली. पडद्यावर काठ हलला आणि खांबामागं गेला. मुरारी उठून टीव्हीपाशी गेला, "मस्करी केली, मस्करी," असं म्हणाला. पण ते त्यानं समोरून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरपोतदारांच्या दिवाणखान्यात मुरारीचा फोटो लागला. रेशन कार्डासाठी काढलेला, जरा मोठा करून घेतलेला. त्याला चंदनाचा हार होता. थोरल्या आईसाहेबांनी शालनच्या खांद्यावर हात ठेवला. "ते आता आपल्यात नाहीत, आईसाहेब," शालन म्हणाली. असली भाषा तिनं आयुष्यात कधी वापरली नव्हती. ती त्याला 'आमचं हे' म्हणायची. मुरारीला त्या भाषेचंच जास्त वाईट वाटलं. एवढ्या लवकर शिकली म्हणजे शिकवायला कुणीतरी शेजारी बसलं असणार.

त्यानंतर घरात चंदनाचा वास यायला लागला. मुरारीच्या गळ्यात काहीतरी घासायचं. आरशात बघितलं तर हार होता. डोक्यावरून काढायला गेला तर कानांशी अडकायचा. कारखान्यात मालकानं त्याचे माग दुसऱ्या जॉबरला देऊन टाकले आणि दोन मिनिटं सगळे माग बंद ठेवले. मुरारी तिथंच उभा होता. त्या शांततेत त्याला कितीतरी वर्षांनी चिमण्यांचा आवाज ऐकू आला.

परमिट रूममध्ये वेटर बसाप्पानं टेबल पुसलं, पण त्याच्यापुढं ग्लास ठेवला नाही.

"लई गुणाचा माणूस हुता," सर्जेराव म्हणाला.

"कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई," गजा म्हणाला.

"मी हितंच हाय की," मुरारी म्हणाला.

"बियर तेवढी हलकी प्यायचा."

"व्हय. तेवढं एक."

मुरारीनं कोपर टेबलावर टेकायचा प्रयत्न केला, तर ते कडेला चौकटीसारख्या लाकडाला लागलं. दुसरं कोपरही लागलं. मान वळवायला गेला तर वळेना, फक्त समोरचं दिसायचं. समोर टीव्ही होता. त्याला राग आला नाही. तो फार दमला होता, आणि समोर बघत राहणं हे त्यातल्या त्यात सोपं होतं. एकच गोष्ट आतून कुरतडत होती. ते वाक्य अजून सांगायचं राहिलं होतं, आणि आता सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

रविवारी महाएपिसोड होता. सरपोतदारांच्या घरी पूजा होती, सगळे दागिन्यांनी वाकलेले. मुरारी आता फोटोतून, भिंतीवरून बघत होता. कधी परमिट रूमच्या टेबलावरून बघायचं थांबलं आणि त्या दिवाणखान्याच्या भिंतीवरून सुरू झालं, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं प्रथमच ती खोली आतून बघितली. झुंबर होतं, जिना होता, पितळी घोडे होते. टीव्ही कुठंच नव्हता.

शालन जिना उतरून आली. हिरवी साडी, पदराखाली काहीतरी. आईसाहेबांनी विचारलं, "हे काय आणलंस, शालन?" तिनं पदराखालून बाटली काढली. तीच, सगळ्यात स्वस्त. स्टीलच्या फुलपात्रात ओतली. फेस बसेपर्यंत थांबली. मग बोट बुडवलं आणि फोटोकडे दोन थेंब उडवले.

थेंब मुरारीच्या गालावर पडले. कोमट होते. एक ओघळून ओठापाशी आला, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या चवीचा. त्याला रडू आलं. पुसायला हात वर येईनात.

"अहो," शालन तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "आता बसा जरा. मी बी बसती."

तिनं पूजेचा पाट ओढून घेतला आणि फोटोसमोर मांडी घालून बसली. मागून कुणीतरी ओरडत होतं, कुणाच्या हातातलं आरतीचं तबक पडलं, तिनं लक्ष दिलं नाही. स्टीलचं ताट मांडीवर घेतलं, मेथीची जुडी सोडली आणि घरी साडेसातला जशी वर टीव्हीकडे बघत बसायची तशी त्याच्याकडे बघत बसली.

समोर होती ती. समोरून बोललेलं ऐकू जात नाही हे मुरारीला ठाऊक होतं. तरी त्यानं ते घोकलेलं वाक्य जुळवलं आणि तोंड उघडलं. दिवाणखान्यातले सगळे चेहरे त्याच्याकडे वळले, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. शालननं मेथीची काडी खुडता खुडता हातात तशीच धरून ठेवली होती.