खोकल्यानंतरची शांतता

खट्! दुपारच्या निजानीज झालेल्या घरात माझं बटण दाबलं गेलं. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि आज मला भीती वाटते आहे.

झाशीच्या सदर बाजारातून एका संस्थेने मला विकत आणलं, तेव्हा मी किती चकचकीत होतो! गावोगाव फिरलो. स्वतःचाच आवाज ऐकून बायका पदराआड हसायच्या. पुढे मात्र बोलणं कागदावर उतरलं की माझी रवानगी कपाटात. कागद लखनौला सरकारकडे जायचे. मला पुन्हा कोणी ऐकत नसे.

माझ्या पोटातली ही कॅसेट टहरौलीजवळच्या एका गावातली. तिथे नर्सबाईंची बाळंतपणाची खोली आहे. बायकांना ती नकोच, असं संस्थेच्या अहवालात छापलंय. त्यावर विसंबून खोली बंद व्हायची आहे. अहवाल भरवशाचा आहे का, हे तपासून सांगायचं काम जानकीकडे आलं, आणि तिने मला कपाटातून आपल्या घरी आणलं. संस्थेचे केशवरावजी तिला म्हणाले होते, वाचा आणि सही करा, टेप कशाला ऐकता? कॅसेट उद्या द्या, पुसून नव्या कामाला घेऊ.

पुसून! तेव्हापासून माझी चाकं थरथरताहेत.

जानकीच्या मांडीवर तान्हं बाळ, शेजारी रंग भरत बसलेली बकुळ. मी त्या गावातल्या एका बाईच्या आवाजात बोलू लागलो.

"जो कमरा बंद न करियो, बाई. पिछली बेर मोरी बिटिया घरईं में..." ही खोली बंद करू नका, म्हणत होती ती; मागच्या वेळी तिची लेक घरातच...

मग दारात बसलेल्या गावातल्या एका पुरुषाचा खोकला. नंतर कितीतरी वेळ नुसती माझी घरघर. आणि पुन्हा त्याच बाईचा आवाज, पण विझलेला, "हमें का चाने. घरईं में हो जात." आम्हाला काय करायचीय, घरातच होतं.

अहवालात एवढंच शेवटचं वाक्य आलं होतं.

जानकीने पुढे ऐकलं. दुसरी बाई, तिसरी बाई. बोलता बोलता मध्येच तोच खोकला, आणि मग तेच उत्तर. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

मित्रांनो, कोण काय म्हणालं एवढंच वाचू नका. तेव्हा जवळ कोण बसलं होतं, तेही ऐका. आम्हाला पुसण्याआधी एकदा तरी शेवटपर्यंत ऐका.

"मी सही करणार नाही," जानकी हळूच म्हणाली, जणू मलाच. "उद्या बैठकीत ही टेप सगळ्यांना ऐकवीन."

बकुळने रंगाची कांडी खाली ठेवली.

"आई, त्या खोकणाऱ्या काकांनापण?"