पावणेसहाची होडी

“जी गाडी वेळ झाल्यावरही तुझ्यासाठी थांबते, तिच्यात चढायचं नाही. ती सार्वजनिक राहिली नाही, तुझी झाली.”

बसच्या खिडकीला डोकं टेकलं, की काचेच्या थरथरीतून दादाचा आवाज असा यायचा. ताईने डोळे मिटून घेतले. सकाळपासून अकरा टोकं झाली होती. एकच उरलं होतं.

बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसून तिने एकतीस वर्षं लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधल्या. दादा त्याच आगारात वेळापत्रकं लिहायचा. तो आणि त्याच्यासारखे पाच-सात वेडे शर्यत लावायचे: उजाडल्यापासून मावळेपर्यंत शहरातल्या बाराही मार्गांची शेवटची टोकं गाठायची, तीही फक्त सार्वजनिक वाहनांनी. चालायची मुभा, धावायचीही. पण सार्वजनिक म्हणजे काय, यावरून त्यांचे कडाक्याचे वाद व्हायचे आणि निकाल दादाच्या वहीत उतरायचे. ‘सरकता जिना: चालेल. तो कुणाला ओळखत नाही.’ ‘बायकोची स्कूटर: मुळीच नाही.’ ‘शववाहिका: नाही. ती एकासाठीच येते.’ आणि एका पानावर नुसतंच, ‘पावणेसहाची होडी: ?’

बारावं टोक नदीपलीकडे होतं. दादाचं ते दर वेळी हुकलं. शेवटी दवाखान्यात त्याने उशीखालून वही काढून तिच्या हातात दिली होती.

“बारावं राहिलं गं.”

“मी गाठीन.”

“नियमानं?”

“नियमानंच रे.”

वहिनीला हे काही पटायचं नाही. सकाळीच म्हणाली होती, “वन्सं, टॅक्सी करा आणि लावा जाऊन हात त्या खांबाला! बघायला कोण बसलंय?”

“तोच बसलाय ना, वहिनी.”

वहिनी पिशवीत डबा कोंबत म्हणाली, “हा तरी न्या. डब्याला नाही ना कसला नियम?”

रेल्वे फाटकाशी बस अडकली. ताई उतरली तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. गुडघे कुरकुरत असतानाही ती छत्री टेकत उतार उतरली, आणि पाहते तो काय, होडी धक्क्यालाच! उन्हाने सोनेरी झालेल्या पाण्यावर ती स्वप्नातल्यासारखी हलत होती.

“या ताई, सावकाश या!” होडीवाल्याने हात पुढे केला. “वर उतारावर तुमची छत्री दिसली, म्हटलं थांबू या.”

“किती वाजले?”

“झाली असतील सात-आठ मिनिटं वर. त्यात काय! माझ्या बापाची औषधांची पिशवी शोधून घरी आणून दिलीत तुम्ही. एवढंही करू नये का माणसानं?”

ताईने फळीवर पाय ठेवला. पलीकडचा बाराव्या थांब्याचा खांब इथूनही दिसत होता. त्याला टेकून कुणी उभं असावं असा भास झाला, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेला कुणीतरी. दहा मिनिटांचं तर पाणी. कुणाला कळणार होतं?

तिने पाय मागे घेतला.

“तू जा रे बाबा.”

“का हो? काय चुकलं माझं?”

काठावरच्या पायरीवर बसून तिने त्याला नियम सांगितला. होडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. होडीवाला मात्र डोकं खाजवत राहिला.

“म्हणजे चांगुलपणा केला, तर बाद?”

“या खेळात तरी बाद. पुढच्या रविवारी मी पुन्हा येईन. पण शब्द दे. वेळ झाली की दोर सोडायचा. मी पायरीवर असले तरी.”

“पाप लागेल मला.”

“लागलं तर मला लागू दे. तू शब्द दे.”

शेवटी त्याने होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी ऊन तसंच मऊ होतं. अकरा टोकं झाली. फाटक पुन्हा आडवं आलं, पण लवकर उघडलं. ताई उतारावर आली तेव्हा धक्क्यावरची घंटा वाजली. वीस पायऱ्या उरल्या होत्या. मग बारा.

होडीवाल्याने वर पाहिलं. तिला पाहिलं. त्याचे हात दोरावर थबकले. मग त्याने मान खाली घातली आणि गाठ सोडली. एरवी एका झटक्यात सुटणारी ती गाठ आज त्याच्या बोटांना सुटता सुटेना.

ताई शेवटच्या पायरीशी पोचली तेव्हा होडी आणि काठ यांच्यात हातभर पाणी होतं. मग दोन हात.

ती पायरीवर टेकली. धाप ओसरेपर्यंत थांबली, मग पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि प्रश्नचिन्ह खोडून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘चालेल.’

पुढचा रविवार होताच.

तिकडे होडी चकाकत्या पाण्यावरून संथ चालली होती. होडीवाल्याची पाठ ताठ होती. पैलतीर येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.